ऑइल इतकं काळं का पडतं

१९ ऑगस्ट

डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून लिहितोय. बीपी वाढलंय. ते म्हणाले, "अमृतराव, राग आला की बोलू नका, लिहून काढा." मोनिकाने आज्ञाधारक बायकोसारखी लगेच दुकानातून ही डायरी आणली. चालू वर्षाची. म्हणजे निम्म्याहून जास्त पानं आणल्या दिवशीच वाया. साधी वही आणली असती तर काय बिघडलं असतं? झालं, पहिल्या दिवसाचा राग लिहून झाला.

आता बाकीचा. मी शहरात, सावेडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून कंपनीत बरीच वर्षं काढली. तपासणी विभागात होतो. मशीनमधून निघालेला नग मापात आहे की नाही ते बघायचं, नसला तर बाजूला टाकायचा. गेल्या वर्षी नोकरी सोडून गावी, पुणतांब्याला परत आलो आणि मुरघासाचं, म्हणजे ओला मका मुरवून गाईंसाठी ठेवायच्या चाऱ्याचं, मशीन घेतलं. नव्या ट्रॅक्टरला जोडायचं, ते उभा मका कापून कुट्टी करून ट्रॉलीत टाकतं. इकडे घरोघरी गाई, त्यामुळे धंद्याला मरण नाही. पण मक्याचा दाणा चिकात आला, म्हणजे दाबल्यावर दुधासारखा चीक निघायला लागला, की मका थोड्याच दिवसांत कापावा लागतो, नाहीतर मका वाळतो आणि मुरघासाला बुरशी धरते. मका सगळ्यांचा एकदमच चिकात येतो. मग सगळे मला एकदमच फोन करतात, आणि प्रत्येकाला वाटतं की मी फक्त त्याच्यासाठी जन्माला आलोय.

२२ ऑगस्ट

आज ट्रॅक्टरचं सर्व्हिसिंग झालं. मी ऑइलचा डबा आणि नवा फिल्टर आणून दिला, बाकी काम आण्णांनी आणि बन्सीने लिंबाखाली बसून केलं. मला फोनमधून डोकं वर काढायला फुरसत नव्हती.

बन्सी आमचा ड्रायव्हर. मूळचा पाथर्डीकडचा. लहानपणी आईबापांबरोबर ऊस तोडायला इकडे आला. एका हंगामात आण्णांनी त्याला आमच्या जुन्या ट्रॅक्टरवर बसवलं, शिकवलं, आणि तो इथलाच झाला. त्याचा कोयता सुटला तो कायमचा. ओळीत मशीन असं चालवतो की मक्याचं एक ताट मागे राहत नाही. मला ट्रॅक्टर रस्त्यावर चालवता येतो, मशीन लावून शेतात चालवायला जमत नाही. डायरीत खोटं कशाला लिहू.

आण्णा म्हणजे माझे वडील, कानिफनाथ. आई गेली, मागोमाग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ट्रॅक्टरवर बसत नाहीत. पण सर्व्हिसिंगच्या दिवशी त्यांना लग्नघरात असल्यासारखा उत्साह येतो. जुना फिल्टर कधी टाकू देत नाहीत. "दे हिकडं, कामाला येतो," म्हणतात आणि गोठ्यामागे एका डब्यात डिझेल घेऊन काहीतरी खळखळत बसतात. बसू देत. म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा हवाच.

२७ ऑगस्ट

ऑइल बदलून आठवडा नाही झाला, ऑइल मोजायची पट्टी काढून बघतो तर डांबर! दुकानदाराला फोन करून असा झापला की मोनिका स्वयंपाकघरातून बाहेर आली. तो म्हणतो, "साहेब, डिझेल इंजिनाचं ऑइल काळं पडतंच." अरे, ते मला माहीत आहे. काळं पडण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बोटांत घेऊन चोळलं तर कचकच लागते, ती कुठून आली? यावर त्याने फोन ठेवला.

मग बन्सीला अंगणात समोर बसवून सगळं समजावून सांगितलं; आण्णा पलीकडे खाटेवर पडले होते. इंजिनातला मुख्य दांडा, क्रँक, ज्या बेरिंगमध्ये फिरतो तिथे केसाहूनही बारीक फट असते. त्या फटीत ऑइलचा थर असतो, म्हणून लोखंड लोखंडाला घासत नाही. फिल्टरच्या आतला कागद धूळ आणि लोखंडाचा कीस अडवतो. त्याने अडवलं नाही की तो कीस ऑइलबरोबर फिरतो आणि बेरिंगवर पॉलिश पेपरचं काम करतो. इंजिन बाहेरून छान चालतं आणि आतून झिजत जातं. पहिल्यांदा कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

बन्सी मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "भाऊ, ह्या फिल्टरचं जरा आन्नांशी बोलून घ्या ना तुमी."

म्हटलं, "आण्णांशी काय बोलायचं? त्यांच्या काळात असली इंजिनं होती का?"

"तसं न्हाई भाऊ, ते काय हाय..."

तेवढ्यात गावातल्या भीमातात्याचा फोन आला, आमचा मका कधी कापतोस म्हणून. बन्सीचं बोलणं राहूनच गेलं. त्याचं काय, कुठलीही गोष्ट तो आण्णांवर ढकलतो.

३ सप्टेंबर

दुकान बदललं. ऑइल बदललं. फिल्टर दुसऱ्या कंपनीचा, चांगला जाडजूड. आज परत सर्व्हिसिंग केलं, वेळ झालेली नसताना. एअर क्लीनरही स्वतः उघडून बघितला, तो ठीक आहे. आण्णा नव्या फिल्टरचं खोकं हातात घेऊन उलटंपालटं करून बघत होते. "लई भारी वस्तू हाय," म्हणाले. मी म्हणालो, "भारी कसली, ठकवतात सगळे."

त्यावर त्यांनी त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरची कथा लावली. त्याला किती वर्षं इंजिनकाम लागलं नाही वगैरे. ही कथा मला पाठ आहे. मी फोन आल्याचं नाटक करून उठलो.

संध्याकाळी मोनिकाची वेगळीच तक्रार. आण्णांच्या सदऱ्याचा डिझेलचा वास जात नाही, धुवून धुवून तिचे हात भरून आले म्हणे. मी म्हटलं, माझं इथे इंजिन जायची वेळ आली आहे आणि तू मला सदऱ्याचं सांगतेस? ती म्हणाली, "लिहा डायरीत." लिहिलं.

८ सप्टेंबर

मका सगळीकडे एकदम चिकात आलाय. इंजिन तापलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. ऑइल पुन्हा काळं, पुन्हा तीच कचकच. लिहायला वेळ नाही.

११ सप्टेंबर

इंजिन बसलं. भीमातात्याच्या वावरात, अर्धा मका उभा असताना.

सकाळी बन्सी म्हणाला होता, "आज मशीन नको काढायला भाऊ. आतून टकटक येतीय. मेस्त्रीला दावू." मी म्हणालो, आजचा दिवस काढ, भीमातात्या चार दिवसांपासून डोकं खातोय. त्याने काढलं मशीन. दुपारी एक मोठा आवाज झाला म्हणतात. मी तेव्हा दुसऱ्याच्या बांधावर उद्याची तारीख देत होतो.

गेलो तेव्हा ट्रॅक्टर ओळीत उभा, बन्सी खाली उतरून बॉनेटवर हात ठेवून उभा. भीमातात्या मला बघून म्हणाला, "आता ह्या मक्याचं काय करू? हाताने उपटू?" मी राहात्याच्या मेस्त्रीला फोन लावला.

आण्णा इथे नाहीत हे बरं. कालच आत्याकडे शेवगावला गेलेत, पंधरवडाभर राहणार आहेत.

१३ सप्टेंबर

राहात्याला हनुमंत मेस्त्रीने इंजिन खोललं. बेरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं दिसायला लागलंय. क्रँकवर बोट फिरवलं तर नखाला रेघा लागतात. कंपनीत असलं काही हातात आलं असतं तर मी डोळे मिटून बाजूला टाकलं असतं. इथे ते माझं स्वतःचं आहे.

मी म्हटलं, फिल्टर कापून दाखव, नव्या कंपनीचा आहे, बघू त्यांनी आत काय भरलंय. मेस्त्रीने कापायच्या आधीच हातात फिरवून बघितला. "नव्या कंपनीचा? ह्यो तर जुन्याच कंपनीचा हाय." मग हॅक्सॉने कापला. आतल्या कागदाच्या घड्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या, दोन ठिकाणी चक्क फाटलेल्या. मेस्त्रीने वास घेतला. "धुतलाय ह्यो साहेब. डिझेलमधी. एकदा न्हाई, चांगला दोन-तीनदा."

मी म्हणालो, शक्य नाही. मी दर वेळी नवा आणून देतो.

"तुमी आनून देता. बशिवतं कोन?"

घरी येईपर्यंत डोक्यात तेवढंच. नवा मी देतो आणि इंजिनावर जुना धुतलेला निघतो. मग नवा जातो कुठे? बसवतो बन्सी.

१४ सप्टेंबर

आज सकाळी दूध डेअरीवर बन्सी त्याच्या गाईचं दूध घेऊन आला होता. रांगेत सगळा गाव. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणालो, "नवे फिल्टर कुणाला विकलेस?"

"मी काय इकलं न्हाई भाऊ."

"मग इंजिनावर धुतलेला फिल्टर कसा? बसवला कुणी?"

"बशिवला मीच."

"आणि नवा?"

गप्प. किटलीच्या कडीकडे बघत उभा राहिला. मी परत विचारलं, परत गप्प. निर्दोष माणूस असा गप्प राहतो का? मी सगळ्यांसमोर म्हणालो, तू चोर आहेस. आण्णांनी तुला पोराच्या मायेनं शिकवलं आणि तू आमच्याच घरात हात मारलास. उद्यापासून ट्रॅक्टरला हात लावायचा नाही.

आण्णांचं नाव निघालं तेव्हा त्याने एकदा वर बघितलं. वाटलं, आता बोलेल. नाही बोलला. दूध न घालताच निघून गेला.

डॉक्टर म्हणाले होते बोलू नका, लिहा. पण चोराला काय डायरी वाचून दाखवायची?

२० सप्टेंबर

भीमातात्याचा मका वाळला. त्याचा फोन उचलत नाही. बाकीच्यांनी कोपरगावकडची मशीनं बोलावली.

मोनिका म्हणते, बन्सीला कोणी मशीनवर घेत नाहीये. दोन-तीन जणांकडे गेला होता, नको म्हणाले. मी म्हटलं, बरोबर आहे, कशाला घेतील. ती म्हणाली, "नवा फिल्टर विकून विकून माणूस काय बंगला बांधणार आहे? तुम्हाला पटतं हे?" मी म्हणालो, इथे प्रश्न बंगल्याचा नाही, विश्वासाचा आहे. बोललो तर खरं, पण जेवण गेलं नाही.

२७ सप्टेंबर

आण्णा शेवगावहून आले. दारात पिशवी ठेवली आणि पहिलं विचारलं, "बन्सी कुठंय?" इंजिनाचं मी फोनवर सांगितलं होतं, बन्सीचं सांगितलं नव्हतं. आता चोरी कशी सांगू? त्यांच्या जिवाला लागलं असतं. म्हटलं, काम सोडून गेला.

"मला न सांगता?"

"हो."

अंगणातल्या खाटेवर बराच वेळ बसून होते. मोनिकाने चहा नेला तर म्हणाले, "माजं काय चुकलं का त्याच्यासंगं?" मला बन्सीचा आणखी राग आला. म्हाताऱ्या माणसाला असं बसवून ठेवलं त्याने.

२८ सप्टेंबर

काय लिहू?

गोठ्याचं छप्पर गळायला लागलं म्हणून माळ्यावरची ताडपत्री काढायला चढलो. आण्णा खाली शिडी धरून. ताडपत्रीखाली पत्र्याची पेटी होती. ओढली तर आण्णा खालून ओरडले, "आरं जपून! आत नवं फिल्टर हायेत, आपटू नको."

पेटी उघडली. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून, एकेक खोक्यासकट. मी आणलेले सगळे. दुसऱ्या दुकानातला जाडजूडसुद्धा.

मी वरूनच विचारलं, "हे इथे कसे?"

"अडीअडचनीला ठिवलेत. तू शेरात राह्यलास, तुला वस्तूची किंमत न्हाई. जुना फिल्टर डिझेलात खळखळून धुतला, उनात वाळिवला, की नव्यावानी होतो. माज्या ट्रॅक्टरचा मी कायम धूतच आलो. बन्सी पयल्यांदा न्हाई म्हनत हुता. मी म्हनलं, लेका, तुला शिकिवलं कुनी? मंग गप बशिवला त्यानं."

मी शिडीवरच उभा राहिलो. त्यांच्या ट्रॅक्टरच्या फिल्टरमध्ये जाळी होती, ती धुवायचीच असते. आताच्या फिल्टरमध्ये कागद असतो. तो डिझेलात खळखळला की फुगतो, फाटतो, मग अडवायचं काहीच उरत नाही. या कागदाचं मी बन्सीला तासभर समजावलं होतं आणि आण्णा त्या वेळी चार पावलांवर खाटेवर पडले होते. त्यांना सांगावं असं मला सुचलं नाही.

ओरडायला हवं होतं. मी कुणावरही ओरडतो. पण आण्णा शिडी घट्ट धरून वर बघत होते. ऑपरेशननंतरच्या त्या जाड चष्म्यातून त्यांचे डोळे मोठे दिसतात. "घावली का ताडपत्री?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि पेटी होती तिथे ठेवली.

२९ सप्टेंबर

बन्सीच्या घरी गेलो. तो नव्हता. त्याची बायको रंगुबाई भाकरी करत होती. उठली नाही, या म्हणाली नाही.

"मुकादमाकडं गेल्यात. टोळीत नावं लावलीत आमी दोघांची."

मला पटकन कळलं नाही. "कसली टोळी?"

"कसली अस्ती? ऊसतोडीची. दिवाळी झाली की जायाचं. मुकादमाकडनं आगाऊ उचल घेतली."

म्हणालो, "बन्सी ऊस तोडणार? अहो, ड्रायव्हर आहे तो."

"चोराला कोन ट्रॅक्टर देतंय?" एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी सांगायला गेलो होतो की मला खरं कळलंय. न सांगताच परत फिरलो. बन्सी सुटला होता कोयत्यातून. आण्णांनी सोडवला होता. मी दूध घालायच्या रांगेत उभं राहून तो कोयता पुन्हा त्याच्या हातात दिला.

१ ऑक्टोबर

दोन दिवस हाच विचार. बन्सी चोर नाही हे गावाला सांगायचं तर फिल्टर कोण धूत होतं हे सांगावं लागणार. आण्णांचं नाव निघालं की लोक हसणार. गावात कुणाचं इंजिन अडलं की अजून आण्णांना बोलावतात, आणि ते नुसतं कान लावून काय बिघडलंय ते सांगतात. तेवढीच एक गोष्ट उरलीय त्यांच्याकडे. न सांगावं तर बन्सी जातो कोयता घेऊन. आणि तो जाईलच, कारण तो स्वतः कधीच बोलणार नाही. त्या दिवशी डेअरीवर तो का गप्प होता, हे मला आता कळतंय. राग राग येतोय मला. त्याचाही येतोय. बोलायला काय झालं होतं लेकाला?

मोनिकाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमचंच नाव घ्या."

३ ऑक्टोबर

सकाळी डेअरीवर गेलो. आण्णा गोठ्यात होते. गर्दी झाल्यावर घसा खाकरून म्हणालो, "बन्सीने फिल्टर विकले नाहीत. नवे वाचवायला मीच जुने धुवून देत होतो. इंजिन माझ्यामुळे गेलं. त्याला चोर म्हणालो ती माझी चूक."

भीमातात्या म्हणाला, "म्हंजे माजा मका तुज्या चिकटपणापायी वाळला व्हय?" मी म्हणालो, हो. आणखी दोघं-तिघं बोलले. शहाणा, साहेब, कंपनीवाला. मी ऐकून घेत होतो. आश्चर्य म्हणजे बरं वाटत होतं.

आणि मागून आण्णांचा आवाज आला. "काय बोलतोय ह्यो?"

किटली घेऊन स्वतःच आले होते.

"ह्याला फिल्टर खोलाया तरी येतो का? फिल्टर मी धुतो. आन् धुतल्यानं इंजिन जात नसतं, माजी हयात गेली त्याच्यात. माज्या पोराला कुनी काय बोलायचं काम न्हाई."

माझी बाजू घ्यायला उभे राहिले होते ते. छाती काढून. कुणी हसलं नाही. भीमातात्यासुद्धा जमिनीकडे बघायला लागला. आण्णांना दिसतं कमी, पण इतकी माणसं एकदम गप्प झालेली त्यांना कळली.

"काय झालं?" त्यांनी मला विचारलं.

आता खोटं बोलून उपयोग नव्हता. म्हणालो, "आण्णा, तुमच्या फिल्टरात जाळी होती. आता आत कागद असतो. धुतला की फाटतो. सगळी घाण बेरिंगवर जाते."

"म्हंजे माज्यामुळं झालं."

"हो."

"आन् बन्सीला चोर कोन म्हनलं?"

"मी."

त्यांनी किटली माझ्या हातात दिली आणि निघून गेले. दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी पेटी माळ्यावरून काढून दारात आणून ठेवली.

४ ऑक्टोबर

आण्णा उजाडताच बन्सीकडे निघाले, मी मागोमाग. बन्सी कोयत्याला धार लावत होता. आण्णांना बघून उठला, पाया पडायला वाकला. आण्णांनी त्याला दंडाला धरून सरळ उभा केला आणि असे सुटले की विचारू नका.

"मी चुकत हुतो तर तू मला आडिवलं का न्हाईस?"

"तुमाला कसं आडवू आन्ना? तुमीच शिकिवलं."

"मंग हेच शिकिवलं व्हय? डोळ्यादेखत इंजिन जाऊ दिलंस! एकदा न्हाई म्हनला, मी डोळं वटारलं की बसला गप. आन् ह्यानं चोर म्हनलं तरी गप? कुनाची आब राखत हुतास? माजी? माज्या आब्रूचं काय लोनचं घालायचंय?"

बन्सीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आण्णांच्याही. मी मध्ये खांबासारखा उभा. शेवटी म्हणालो, "बन्सी, माझं चुकलं. चल ट्रॅक्टरवर."

त्याने डोळे पुसले. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमी डेअरीवर बोलला ते समजलं मला. बरं वाटलं. पन टोळीत नाव लागलंय. आमी दोघं गेलो न्हाई तर मुकादम बाकीच्यांला छळंल. सबूद दिलाय. ह्या हंगामाला जावंच लागंल."

मी म्हणालो, उचल मी परत करतो, मुकादमाशी बोलतो. बोललोही, दुपारी. तो म्हणाला, नावं ठरली, गाड्या ठरल्या, आता बदल नाही. फोनवर ओरडलो, उपयोग झाला नाही.

१८ ऑक्टोबर

इंजिन तयार होऊन आलं. आवाज छान आहे. चालवायला कोणी नाही. उशिराच्या पेऱ्याचा मका आता चिकात यायला लागलाय, फोन परत सुरू झालेत. एक ड्रायव्हर बघितला, त्याने पहिल्याच ओळीत निम्मा मका आडवा केला. हात टेकले.

२६ ऑक्टोबर

आज टोळीचा ट्रक गेला. आण्णा म्हणाले, मला घेऊन चल. गेलो. ट्रकमध्ये भांडी, गोणपाटं, शेळ्या, लेकरं. रंगुबाई एका कोपऱ्यात बसलेली. तिने या वेळी आण्णांना वरूनच हात जोडले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. बन्सी फळीजवळ उभा होता.

आण्णांनी खालूनच विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बन्सी, फिल्टर धुवायचा का न्हाई?"

बन्सी चपापला. आजूबाजूला माणसं. "न्हाई आन्ना. नवा लावायचा."

"मी धू म्हनलं तर?"

"तरी न्हाई."

"मी डोळं वटारलं तर?"

"तर मी वरडंन तुमच्यावर."

"वरड," आण्णा म्हणाले. "समद्या गावाफुडं वरड."

मी ठरवून गेलो होतो की काय काय बोलायचं. कालच इथे लिहूनही काढलं होतं आणि नंतर खोडलं. प्रत्यक्षात फळीला हात लावून एवढंच म्हणालो, "बन्सी, खाली उतर. चल घरी."

"आता उतरता येत न्हाई भाऊ," तो म्हणाला. "हंगाम झाला की येतो."

ट्रक गेला. मोटारसायकलवर आण्णा मागे बसले होते. बरंच पुढे आल्यावर म्हणाले, "उंद्या भीमाचा दुसरा मका कापायचाय न्हवं? मशीन कोन चालवनार?"

म्हणालो, "मी. शिकवा मला."

"शिकवतो. पन मी काय चुकीचं सांगितलं तर?"

"ओरडेन की. ओरडायला मला कुठे शिकवावं लागतं?"

मला वाटलं ते हसतील. नाही हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुजं वरडनं त्या कामाचं न्हाई बाबा. तू आदी वरडतोस, मंग इचारतोस. त्याला एकदा नीट इचारलं असतंस तर त्यानं सांगितलं असतं."

मी गाडी चालवत राहिलो. घरी आल्यावर मोनिकाने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही, सकाळी लवकर उठव, शिकायला जायचंय.